चौदा महिने, तेरा दिवस बर्फ आणि आठ स्क्रू

हा माझ्या स्नोबोर्डचा रिव्ह्यू. फ्लेक्स (लवचिकपणा), साइडकट (कडेची आतली कमान) वगैरे माहिती सगळीकडे आहे, ती परत लिहीत नाही. माझा सेट सेकंडहँड: 156 सेंटीमीटर लांब बोर्ड, कंबर (मधली रुंदी) 25 सेंटीमीटर, बूट बोर्डाला बांधणारी साध्या पट्ट्यांची बाइंडिंग. गुलमर्गच्या दोन फेऱ्या झाल्या, बर्फावर एकूण तेरा दिवस. उरलेले महिने हे धूड कोथरूडच्या फ्लॅटमध्ये कपाटामागे उभं होतं. आई त्याला 'तुझा पाट' म्हणते.

पहिल्या फेरीनंतर दोनच तारे देणार होतो. सकाळी कोंगडोरीला, म्हणजे गुलमर्गच्या गोंडोलाच्या मधल्या थांब्यावर, बर्फ नुकता दाबलेला असतो, तेव्हाही टाचेकडच्या कडेवर कललो की बोर्डाची शेपूट (मागचं टोक) घसरायची. कार्व्हची, म्हणजे न घसरता कडेवर घेतलेल्या वळणाची, रेघ सुरीने कापल्यासारखी बारीक हवी, माझी निघायची खराट्याने ओढल्यासारखी. चवड्याच्या कडेवर जरा जास्त कललो की बुटाचं टोक बर्फात रुतायचं आणि मी तोंडावर.

दोष अंगाला दिला. हिंजवडीत बारा वर्षं खुर्चीवर काढली आहेत. बाबा बहात्तराव्या वर्षी टाचा टेकवून उकिडवे बसून पेपर वाचतात, मी तसा बसलो की मागे कलंडतो. फिजिओने भिंतीसमोर उभं केलं: टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. अंगठा भिंतीपासून दहा सेंटीमीटरवर असताना हे जमायला हवं, माझा डावा पाय सहावरच अडला. घोटा वाकत नाही म्हणून मी कमरेतून वाकत होतो, म्हणजे कमोडवर बसल्यासारखा, आणि वजन कडेवरून निघून जात होतं. चार महिने रोज घासून नऊवर आलो.

पण हॉलमध्ये गादीवर बूट-बोर्ड चढवून उभा राहिलो तर तेच. मागचा गुडघा बाहेर, छाती आडवी. तेव्हा कुठे लक्ष गेलं की बाइंडिंग आधीच्या मालकाने लावलेल्या अधिक 15, उणे 15 अंशांवरच आहे, म्हणजे पुढचा पाय पुढे आणि मागचा मागे वळलेला. दोन्ही बाजूंनी चालवायला ते छान. मला एकाच दिशेने कापत जायचं होतं, म्हणजे दोन्ही पाय पुढे वळलेले हवेत. पॅरलल जायंट स्लॅलम या शर्यतीतले स्नोबोर्डर तर हार्ड बूट घालून याहून कितीतरी जास्त वळवतात.

एवढं कळलं, पण स्क्रू फिरेना.

बाइंडिंगच्या स्क्रूंचं डोकं पॉझिड्राइव्हचं, फुलीच्या मधल्या कोनांत चार बारीक रेघा असलेलं. त्याला तीन नंबरचा बिट लागतो. मी घरातला दोन नंबरचा स्टार घातला आणि दोन स्क्रूंच्या खाचा गोल करून टाकल्या. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, झीज वॉरंटीत येत नाही, नवीन संच 1,850 रुपये, कुरिअर वेगळं. आठ स्क्रूंचे! शेवटी मित्राला मागे बसवून, बोर्ड त्याच्या हातात उभा देऊन, ॲक्टिव्हावरून बोहरी आळी गाठली. दुकानदाराने विचारलं, "इस्त्रीचं टेबल का?" बिट हातोडीने ठोकून बसवला आणि दोन्ही स्क्रू काढून दिले. एम-सिक्स, 16 मिलिमीटर, स्टीलचे आठ नग 80 रुपयांत. जुना नमुना सोबत न्याच, लांब स्क्रू घातलात तर बोर्डाच्या तळाला फुगवटा येतो.

आता पुढचा पाय 27 अंश, मागचा 9, दोन्ही अधिक. बाइंडिंगच्या मधल्या गोल डिस्कच्या एका खाचेला तीन अंश. मागची मांडी आत वळावी लागते, त्यामुळे सुरुवातीला गुडघ्याच्या आतून ओढ बसली. एक बाइंडिंग एक भोक आत घेऊन दोन पायांतलं अंतर 56 सेंटीमीटरवरून 54 केलं, ओढ गेली. बूट आता तिरके बसतात म्हणून टोकंही कमी रुततात. मार्चच्या फेरीत तिसऱ्या दिवशी मागे वळून पाहिलं तर टाचेचीसुद्धा रेघ बारीक. उलट्या दिशेने मात्र आता अगदीच नवशिका झालोय.

म्हणजे घोट्याची मेहनत फुकट? नाही. सहा सेंटीमीटरवर असताना हेच कोन लावले असते तर गुडघ्याने जाब विचारला असता. क्रम नकळत बरोबरच लागला: आधी फिजिओ, मग 80 रुपये.

चार तारे. पाचवा विक्रेत्यापायी कापला, त्याचा "बघून कळवतो" अजून यायचाय.