विजापूरचा इब्राहिम रौझा: ठाणे-नवी मुंबईहून जाणाऱ्यांसाठी

विजापूरच्या सहलीत गोलघुमटाला अख्खी सकाळ आणि इब्राहिम रौझाला, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कबरीच्या वास्तूला, उरलेला अर्धा तास, असा बेत करू नका. गोलघुमट तासा-दीड तासात होतो. रौझाला दोन तास हवेतच.

ठाण्याहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी सोलापूर, तिथून विजापूरची बस, साधारण १०० किलोमीटर. वाशी-नेरूळवाल्यांनी ट्रान्स-हार्बरने ठाणे गाठावं. रौझा शहराच्या पश्चिमेला, तटाबाहेर आहे. गोलघुमट पूर्वेच्या टोकाला. रिक्षा ठरवताना वाटेतली मुलुखमैदान तोफही त्यातच धरून घ्या.

एका चौथऱ्यावर पूर्वेला कबरीची इमारत, पश्चिमेला मशीद, मधे हौद. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या बेगमेसाठी, ताज सुलतानासाठी हे काम निघालं, १६२६-२७ मध्ये पुरं झालं. स्थपती मलिक संदल. १६२७ मध्ये सुलतानालाही इथेच दफन केलं. घुमट इराणी वळणाचा, तळाशी पाकळ्यांचा. छज्जाखालचे दगडी तोडे, म्हणजे छज्जा पेलणारे कोरीव आधार, मात्र थेट देवळाच्या धाटणीचे. कडीत कडी अडकवलेल्या दगडी साखळ्याही पाहा, त्या अखंड दगडातून कोरल्यात. सरस्वतीला वंदन करून गीतं रचणाऱ्या सुलतानाची ही इमारत आहे, हे पटतं.

खरी करामत आत. कबरींची खोली सुमारे १२ मीटर चौरस, वर सपाट दगडी छत, मधे ना खांब ना तुळई. कडेची फरशी वळत आत येते आणि मधला सपाट भाग सांध्यांतल्या चुन्याच्या पकडीवर तोललेला आहे. बाहेरून दिसणारा घुमट या छताच्याही वर, वेगळा. मान वर न करता बाहेर पडणारे फार, हे बघून जीव हळहळतो.

खिडक्यांच्या जाळ्या म्हणजे अरबी अक्षरं: भोवतीचा दगड कापून काढलाय, अक्षरं तेवढी उरलीत. त्या आतून पाहा, डोळे अंधाराला सरावू द्या. फ्लॅश मारलात तर अक्षर आणि फट यांतला फरकच जातो.

ओवरीतल्या भिंतींवरची नक्षी फार उठावाची नाही. भर दुपारी ती सावलीत विरते. सकाळी पूर्वेकडून किंवा चारनंतर पश्चिमेकडून तिरपं ऊन आलं की उमटते. मशिदीकडून कबरीचा फोटो घ्यायचा तर दुपारनंतरच, कारण सकाळी सूर्य इमारतीच्या मागे असतो. चपला काढाव्या लागतात आणि एप्रिल-मेमध्ये चौथरा चटके देतो. जाड मोजे बरोबर ठेवा.