ई-टाइपचे मागचे ब्रेक: गाडीखाली झोपून की अख्खी केज उतरवून?

१९६१ ला आलेल्या जॅग्वार ई-टाइपचे मागचे डिस्क चाकाजवळ नाहीतच, ते मधे डिफरन्शियलला (इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरचा डबा) चिकटून बसलेत, आणि हे सगळं केज नावाच्या लोखंडी सांगाड्यात आहे, म्हणून चाक काढलं की ब्रेक समोर येईल हे विसरा.

नुसते पॅड बदलायचे असतील तर गाडी चांगली उंच घेऊन भक्कम स्टँडवर ठेवा आणि खालूनच उरका. जागा इतकी कमी की पाना अर्धा इंच फिरतो आणि बोटं सोलतात, पण दुपारभरात होतं आणि बाकी कशाला हात लागत नाही.

डिस्क किंवा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) काढायचं असेल तर मात्र केज उतरवणंच बरं, प्रॉपशाफ्ट (गिअरबॉक्सकडून येणारा फिरता दांडा), ब्रेक पाइप, हँडब्रेक केबल, रेडियस आर्म (मागचं सस्पेन्शन बॉडीला जोडणारे दांडे), एक्झॉस्ट सगळं सोडवावं लागतं, आणि रेडियस आर्मचे पुढचे जोड गंजून इतके घट्ट बसतात की चिडचिड होते. पण केज बाहेर आली की डिफरन्शियलचे ऑइल सीलही बदलता येतात! ब्रेकच्या उष्णतेने ते कडक होतात, तेल डिस्कवर येतं, मग नवे पॅड पण वाया. डिस्कजवळच्या शिम (पातळ चकत्या) कुठल्या कुठे होत्या ते लिहून ठेवा, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) त्यांच्यावरच अवलंबून असतो. जुन्या पॅडच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

सील पाझरत असेल तर मी केजच उतरवेन, पण जॅक चांगला हवा आणि मदतीला एक माणूस, एकट्याने अजिबात नको.