रूट वर्ड्सची फ्लॅशकार्डं : घ्या, पण एक कार्ड बाजूला काढून ठेवा

लेक सातवीत आहे आणि स्पेलिंगच्या नावाने बोंब, म्हणून हे पाकीट ऑनलाइन मागवलं. पुढे मूळ शब्द, मागे त्याचं सगळं खानदान, आयडिया एकदम झकास. ‘डेंट’ म्हणजे लॅटिनमध्ये दात, त्यावरून डेंटिस्ट, डेंचर तर कळतंच, पण इंडेंट पण त्यातलाच निघाला, पूर्वी करारपत्राची कड दातेरी कापायचे ना, त्यावरून. सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, अगं हा तर आपला दंतच! खरंच आहे, लांबचे का होईना नातेवाईकच ते. ‘पेड’ म्हणजे लॅटिनमध्ये पाय, तो आणि आपला पाद पण तसेच.

आता घोळ कुठे, तर त्या ‘पेड’च्याच कार्डावर पेडल, पेडेस्ट्रियन यांच्या पंगतीला पिडियाट्रिशियन, म्हणजे लहान मुलांचा डॉक्टर, बसवलाय! तो ग्रीकमधल्या मूल या अर्थाच्या शब्दावरून आलाय, पायाचा काडीचा संबंध नाही. लेक विचारते, मग आपले डॉक्टर आधी घसा का बघतात?

कागद पातळ आहे, आठवड्यात कोपरे दुमडले. माझ्याकडून साडेतीन स्टार.