कुंडीत कायमचं ठेवायला ख्रिसमस ट्री की मोरपंखी?

शेजारच्या वहिनी अडकल्यात, कुंडीतच वर्षानुवर्षं राहील असं झाड पाहिजे, ख्रिसमस ट्री घेऊ का मोरपंखी. नर्सरीवाले दोन्हीला 'नो मेंटेनन्स' म्हणतात, ते सोडून द्या.

आधी ऊन. सांगलीत एप्रिल-मेमध्ये गच्चीवर पाय ठेववत नाही, तिथं मोरपंखी पाणी वेळेवर मिळालं तर टिकते. ख्रिसमस ट्री म्हणजे अरोकेरिया, मूळचं नॉरफोक बेटावरचं, समुद्राकाठच्या हवेतलं, आपली कोरडी झळ लागली की शेंडे तपकिरी पडतात आणि खालची फांदी एकदा वाळली की तिथं परत फुटत नाही, वरचा शेंडा मोडला तर आकारच गेला. मोरपंखीला कात्री चालते, पण हिरव्या भागातच, आत जुन्या लाकडापर्यंत कापलं की टक्कल पडलंच.

माती दोघांना सारखीच, नुसती काळी माती नको, पावसाळ्यात मुळं कुजतात. जाड वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा.

खर्च? अरोकेरिया घेतानाच महाग, शिवाय मुळं छेडलेली त्याला सोसत नाहीत म्हणून दोन-तीन वर्षांनी मोठी कुंडी आलीच. मोरपंखीची कडेनं गोल फिरलेली मुळं थोडी छाटून त्याच कुंडीत बसवता येते. फक्त उन्हाळ्यात फांदी पांढऱ्या कागदावर झटकून बघत जा, ठिपके चालायला लागले तर कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) आलाय, पाण्याचा जोरात फवारा मारा.

उघडी गच्ची असेल तर मोरपंखीच. पूर्वेची गॅलरी, दुपारी सावली आणि जागा भरपूर असेल तर अरोकेरिया खुशाल घ्या, दिसायला तेच देखणं.