शिमला ऑफिसचं हवामान पत्रक : एका द्राक्षबागेतून

मंगळवारचं आणि शुक्रवारचं कृषी हवामान पत्रक वाचल्याशिवाय मी ब्लोअरची, म्हणजे फवारणी यंत्राची, टाकी भरू देत नाही, याला आता सहा हंगाम झाले. जुन्नर तालुक्यात आमची अडीच एकर जंबो द्राक्षाची बाग आहे. सासरे गेल्यापासून फवारणीचं सगळं माझ्याकडे आलं, आणि त्याबरोबर आभाळाकडे बघत बसायचं कामही.

पत्रक फुकट मिळतं, मराठीत असतं. हवामान खातं आणि कृषी विद्यापीठ मिळून ते काढतात. पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा, ढग, आणि खाली पिकांचा सल्ला. बरेच जण पावसाचा रकाना बघतात आणि मोबाईल खिशात ठेवतात. द्राक्षवाल्याने आधी ढग आणि आर्द्रता बघावी. ढगांचा आकडा शून्य ते आठ असतो, म्हणजे आभाळाचे आठ भाग केले तर त्यातले किती झाकलेले. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात आलेली असताना तिथे सलग तीन दिवस सहा-सात दिसलं आणि सकाळची आर्द्रता नव्वदीला टेकली, तर पाऊस शून्य लिहिलेला असला तरी मी डाऊनीच्या, म्हणजे दमट हवेत येणाऱ्या बुरशीच्या रोगाच्या, तयारीला लागते. हे समजायला मला दोन हंगाम गेले. पत्रकात सगळं होतं, मलाच वाचता येत नव्हतं.

२०२३च्या नोव्हेंबरअखेरीस अवकाळी आला तेव्हा इशारा आधीच लागला होता. आमच्या खालच्या प्लॉटला तेव्हा छाटणीनंतर पस्तीस दिवस झालेले, बाग ऐन फुलोऱ्यात. पाऊस यायच्या आत एक फवारणी उरकली आणि उघडीप मिळताच दुसरी. काही घड गळाले, काही कुजले, पण बाग हातची गेली नाही. त्याच वर्षी मी एका खाजगी ॲपचे पैसेही भरले होते. दिसायला सुरेख, तासातासाचा अंदाज. त्या दिवशी आमच्या गावावर त्यात ऊन दाखवत होतं. पुढच्या वर्षी पैसे भरले नाहीत.

मुलगा पुण्याला कृषी महाविद्यालयात शिकतो. २३ मार्चला, जागतिक हवामान दिनाला, त्याच्याबरोबर शिवाजीनगरला हवामान खात्याचं ऑफिस बघायला गेले. वाकडेवाडीला एसटीतून उतरून रिक्षावाल्याला ‘हवामान खातं’ म्हटलं तर तो विचारात पडला. मुलगा म्हणाला, “शिमला ऑफिस.” लगेच मीटर पडला. पुण्यात शिमला कुठून आलं, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला.

खातं १८७५ मध्ये कलकत्त्यात, म्हणजे तेव्हाच्या राजधानीत सुरू झालं. १९०५ मध्ये मुख्यालय शिमल्याला गेलं, सरकारच्या उन्हाळी राजधानीत. आणि १९२८ मध्ये राजधानी सोडून ते पुण्याला आलं. शिमल्याहून आलं म्हणून शिमला ऑफिस. पुढे १९४४ मध्ये, महायुद्ध चालू असताना, मुख्यालय दिल्लीला हलवलं. म्हणजे देशाच्या हवामान खात्याचं मुख्यालय पुण्यात उणीपुरी सोळा वर्षं होतं.

पण त्या सोळा वर्षांतच, १९३२ मध्ये, इथे कृषी हवामानाचा विभाग निघाला. एल. ए. रामदास त्याचे प्रमुख. शेताच्या बांधावरची हवा मोजायची, पिकाच्या उंचीवरचं तापमान घ्यायचं, हे काम त्यांनी पुण्यात केलं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री सगळ्यात गार हवा मातीला चिकटून नसते, ती वीतभर ते हातभर वर असते, हे त्यांनी मोजून दाखवलं. मुलाने हे सांगितलं तेव्हा मला आमच्या नव्या लावणीचे थंडीने करपलेले शेंडे आठवले. मुख्यालय दिल्लीला गेलं, पण हा विभाग पुण्यातच राहिला. मोसमी पावसाचा हंगामी अंदाज इथेच तयार होतो आणि देशभरातल्या वेधशाळांच्या जुन्या नोंदी इथेच जपल्या आहेत. दगडी इमारतीसमोर उभी राहून मला फार बरं वाटलं. ज्या कागदावर आमचं वर्षाचं उत्पन्न अवलंबून असतं, त्यामागचं काम आमच्या घरापासून एसटीने जाऊन बघण्यासारख्या अंतरावर होतं.

म्हणूनच एका गोष्टीचं वाईट वाटतं आणि ते लिहायलाच हवं. २०१८ नंतर कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा पातळीवरचे हवामान कक्ष उघडले होते. तालुक्यापर्यंतचा सल्ला देणं हे त्यांचं काम. असे १९९ कक्ष २०२४ मध्ये बंद केले गेले. अंदाज संगणक काढेल, मान्य. पण हा पाऊस खरड छाटणीनंतरचा, म्हणजे उन्हाळ्यातल्या छाटणीनंतरचा, की फुलोऱ्यातला, आणि त्याला औषध कोणतं, हे सांगायला बाग पाहिलेला माणूस लागतो. एका ऑफिसने राजधानी सोडली तेव्हा शेतीला एवढं मिळालं. मग तालुक्याजवळ आलेली माणसं परत का घ्यायची? हे कक्ष पुन्हा सुरू व्हावेत असं मला मनापासून वाटतं.

नवीन बागाईतदारांना एवढंच सांगेन : ‘मेघदूत’ ॲप घ्या, त्यात आपला तालुका निवडा. विजांसाठी ‘दामिनी’ वेगळं ठेवा, मजूर बागेत असताना ते फार लागतं. आणि बागेत उघड्यावर स्वतःचा एक पर्जन्यमापक बसवा. अंदाज तालुक्याचा असतो, पाऊस ओढ्याच्या एका काठाला पडतो आणि दुसऱ्याला नाही. आमच्या दोन प्लॉटमध्ये एका रात्रीत अठरा मिलिमीटरचा फरक मी स्वतः मोजला आहे.

पत्रकाला माझे पाचपैकी चार तारे. पाचवा त्या बंद कक्षांसाठी राखून ठेवला आहे.

वरच्या प्लॉटची छाटणी अजून धरलेली नाही. शुक्रवारच्या पत्रकात ढगांचा आकडा दोनवर उतरला, तर शनिवारी सकाळी माणसं बोलावणार आहे.