हौशी नाटकाची वेशभूषा आणि घरगुती शिलाई मशीन : काही महिन्यांच्या वापरानंतर

प्रयोग तोंडावर आलेला असताना मशीनने बक्रमवर, म्हणजे कपड्याला ताठपणा आणणाऱ्या कडक कापडावर, टाके सोडायला सुरुवात केली आणि सेवा केंद्रातल्या गृहस्थांनी ‘नाटकाचे कपडे शिवणे हा घरगुती वापर नव्हे’ असे सांगून वॉरंटी नाकारली, म्हणून हा अभिप्राय. कंपनीचे नाव देत नाही. समोरून बॉबिन (खालच्या दोऱ्याचे छोटे रीळ) बसणाऱ्या, झिगझॅग आणि चार टप्प्यांत काज करणाऱ्या या वर्गातल्या मशीन साधारण सारख्याच असतात.

मशीन घेतली ती निव्वळ काटकसरीपोटी. ऐतिहासिक नाटकाची ड्रेपरी, म्हणजे कपडेपट, दर प्रयोगाला भाड्याने आणायची, तीही भलत्याच मापाची आणि काखेत विटलेली. त्यापेक्षा रविवार पेठेतून कापड आणून शिकत शिकत आपणच शिवावे, हा हिशेब होता आणि तो बरोबर ठरला. ब्लाउजच्या शिवणीला अर्धा इंच माया (शिवणीपलीकडे राखलेले जादा कापड) पुरते, पण नाटकात बाजूच्या शिवणीला इंचभर तरी ठेवावी लागते, कारण पुढच्या वेळी तोच अंगरखा दुसऱ्या नटाच्या अंगावर चढणार असतो. काखेत चौकोनी तुकडा जोडला नाही, तर तलवार उपसताना बाहीबरोबर अख्खा अंगरखा वर येतो. बाराबंदीचे बहुतेक बंद दिसण्यापुरते ठेवून खाली टिच बटणे लावावीत. वेल्क्रो झटपट सुटते खरे, पण त्याचा चर्रकन आवाज पुढच्या रांगांपर्यंत जातो.

माझी खरी तक्रार मात्र बॉबिनबद्दल आहे. ते झाकणाआड उभे बसते, त्यामुळे खालचा दोरा किती उरला हे शिवताना दिसतच नाही. अंगरख्याचा घेर म्हणजे कळ्यांमागून कळ्या, म्हणजे एकाला एक जोडलेले तिरके पट्टे. दोरा मध्येच संपतो, सुई मात्र इमानाने चालत राहते, आणि हातभर अंतर गेल्यावर कळते की कापडाला नुसती भोके पडली आहेत. सुती कापडात ती धुतल्यावर बुजतात, साटीनवर कायमची राहतात. वरून बॉबिन बसणाऱ्या मशीनला पारदर्शक झाकण असते. एवढी साधी सोय इथे का नसावी, हे मला अजूनही पटलेले नाही.

याच रागात, जुनी काळी पायमशीन घेतली असती तर बरे झाले असते, असे मी बरेच दिवस म्हणत होते. ते मत आता मागे घेते, कारण तिच्यावर झिगझॅग येत नाही. जुन्या साड्यांचे जरीकाठ कापले की धागे भराभर सुटतात, आणि कडेला झिगझॅग मारल्याशिवाय असा काठ शेल्यावर टिकत नाही. त्या एका टाक्याने पैसे वसूल केले. काजाची सोय मात्र या कामात जवळजवळ निरुपयोगी.

बिघाडाचे म्हणाल, तर सेवा केंद्राने आतला सगळा भाग बदलायला सांगितला होता. गल्लीतल्या कारागिराने झाकण काढले, हुकाचे टायमिंग (खालचा दोरा पकडणारा हुक आणि सुई यांचा मेळ) जुळवले, सोळा नंबरची जाड सुई लावली आणि बक्रमचे थर हाताने चाक फिरवून पार करायला सांगितले. त्याने घेतलेले पैसे केंद्राच्या नुसत्या तपासणी शुल्काहून कमी होते. वॉरंटी नाकारण्याचे कारण मी लेखी मागितले आहे, ते अद्याप आलेले नाही. या वर्गातली मशीन घेणाऱ्यांनी दुकानात जाताना मखमल, अस्तर आणि बक्रमचे तुकडे सोबत न्यावेत आणि ते तिन्ही थर एकत्र शिवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.