एफआरपी टाकी: फॅब्रिकेटरच्या पद्धतीने की लेखी स्पेसिफिकेशननुसार?

तळोजा, अंबरनाथ किंवा रबाळे येथील कारखान्यासाठी एफआरपीची (काचेच्या तंतूंनी मजबूत केलेल्या प्लास्टिकची) टाकी घ्यायची झाल्यास खरेदी विभागाकडे बहुधा दोन प्रकारची कोटेशन्स येतात. पहिल्यात क्षमता, जाडी आणि किंमत एवढेच असते; बाकी सारे फॅब्रिकेटरच्या, म्हणजे टाकी घडवणाऱ्याच्या, पद्धतीवर सोडलेले असते. दुसऱ्यात रेझिनचा (काचेचे तंतू बांधून ठेवणाऱ्या राळेचा) प्रकार, थरांचा क्रम, चाचण्या आणि मानकाचा क्रमांक असतो, आणि रक्कमही अर्थातच चढी असते. (एएसटीएम या अमेरिकी संस्थेचे डी ३२९९ हे मानक फिलामेंट वाइंडिंगच्या, म्हणजे साच्याभोवती तंतू गुंडाळून केलेल्या टाक्यांसाठी, तर डी ४०९७ हे हँड ले-अपसारख्या, म्हणजे साच्यावर हाताने थर बसवण्याच्या पद्धतीने घडवलेल्या टाक्यांसाठी आहे; एकाच टाकीपुढे दोन्ही क्रमांक दिसले, तर लिहिणाऱ्याला खुलासा विचारावा.)

साध्या पाण्याच्या साठ्यासाठी पहिला पर्याय सहसा पुरतो. रसायनासाठी मात्र जाडी हा फसवा निकष ठरतो, कारण टाकी किती टिकेल हे मुख्यतः आतल्या अस्तरावर अवलंबून असते. या अस्तरात सुमारे पाव मिलिमीटरचा, जवळपास ९० टक्के रेझिन असलेला व्हेलचा (तलम तंतूंच्या पातळ पडद्याचा) थर आणि त्यामागे चॉप्ड स्ट्रँड मॅटचे (काचेच्या आखूड तंतूंच्या चटईचे) थर असतात. कॉस्टिकसारखी अल्कली काचेलाच खाते, म्हणून तेथे सी-ग्लास या काचेच्या व्हेलऐवजी सिंथेटिक (कृत्रिम तंतूंचे) व्हेल लावतात. सोडियम हायपोक्लोराइटसाठी रेझिन उत्पादक बहुधा कोबाल्टविरहित क्युअरिंग (रेझिन घट्ट करण्याची प्रक्रिया) सुचवतात, कारण कोबाल्टमुळे हायपोचे विघटन होते. यांपैकी काहीही पहिल्या कोटेशनमधून कळत नाही आणि तयार टाकीकडे नुसते पाहूनही ओळखता येत नाही.

दुसऱ्या पर्यायाचे मोल अशा वेळी कळते, मात्र चाचण्या खरोखर करून घेतल्या तरच. बारकोल काठिण्य (पृष्ठभागावर टोचणी दाबून मोजलेला कडकपणा) रेझिन उत्पादकाने दिलेल्या किमान आकड्याच्या ९० टक्क्यांहून कमी नसावे. अ‍ॅसिटोन चोळल्यावर पृष्ठभाग चिकट लागला, तर क्युअरिंग अपुरे आहे. आमच्याकडील पावसाळ्यात या दोन्ही चाचण्या टाळू नयेत, कारण दमट हवेत उघडी राहिलेली मॅट ओलावा धरते आणि थरांची पकड कमी होते. मॅनहोल किंवा नोझलसाठी कापलेली चकती फेकू न देता मागून घ्यावी: भट्टीत तिच्यातील रेझिन जाळून टाकले की काचेचे थर सुटे होतात, आणि मॅट किती वापरली, वोव्हन रोव्हिंग (काचेच्या जाड धाग्यांचे विणलेले कापड) कोठे घातले, हे मोजता येते.

माझ्या मते आम्ल, अल्कली, हायपो किंवा गरम द्रव असल्यास दुसरे कोटेशनच स्वीकारावे, आणि पैसे वाचवायचेच असतील तर ते बाहेरच्या रंगरंगोटीत वाचवावेत. ऑर्डरमध्ये एक तपासणी-थांबा अवश्य लिहावा: अस्तर पूर्ण झाल्यावर, त्यावर मजबुतीचे थर चढवण्यापूर्वी खरेदीदाराचा तपासनीस येईल आणि त्याच्या सहीशिवाय पुढचे काम सुरू होणार नाही.